अकराच्या सुमारास येणारी

१

प्लॅस्टर ओतून झालं की ते घट्ट होईपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं. त्याला घाई चालत नाही. घाईने साचा उघडला तर एखाद्या दाताचा कोपरा तुटून हातात येतो आणि मग मास्तरांचं तोंड सुटतं ते जेवायच्या सुट्टीपर्यंत बंद होत नाही. कवळ्या बनवण्याचा तो कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा; दोन खोल्या आणि एक मोरी. बाकीची माणसं ही पाऊण तासाची फुरसत चहा पिण्यात आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात घालवत. धाकटी मात्र हात धुऊन मागच्या खोलीत जाई, फळ्यांखालच्या स्टुलावर बसे आणि डोळे मिटे.

फळ्यांवर शे-दोनशे जबडे मांडलेले होते, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. निम्मं गाव इथे दात विचकून बसलंय, असं मास्तर म्हणायचे. धाकटीला त्यांची भीती कधी वाटली नाही. उलटा ठसा नुसता हातात घेतला तरी माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहायचा. गाल किती बसलेत, हसताना ओठ कुठल्या बाजूला जातो, सगळं. तिच्या हाताला हे वळण होतं. घरात ती धाकटी होती, तेच नाव कारखान्यातही चिकटलं. घर सुटलं, नाव तेवढं राहिलं.

तर रोज अकरा वाजता ती आईकडे जाई. पायांनी नव्हे. डोळे मिटून ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, तीन पायऱ्या चढायची, कडी काढायची. फिनेलचा वास येणारा बोळ, डावीकडचं दुसरं दार. आत पलंग, पलंगापाशी आपली वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून ती म्हणायची, "आई, मी बरी आहे. तू बरी राहा." आणि परत यायची.

आईने तिच्याकडे बघून एकदा काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

२

ती ज्या घरात जन्मली ते घर सभेचं होतं. सभेची माणसं स्वतःला नुसतं 'सभा' म्हणवत. बाकीचं जग 'बाहेर' होतं. सभेत चित्र नाही, गाणं नाही, मोठ्याने हसणं नाही. देव एकच, आणि तो सतत ऐकत असतो. म्हणूनच सभेच्या प्रार्थनेला शेवट नसे. शेवटचा शब्द असा नव्हताच. माणसं प्रार्थना करता करता उठायची आणि कामाला लागायची. प्रार्थना तशीच उघडी राहायची. ती मिटवणं म्हणजे देवाच्या तोंडावर दार लावणं. लहानपणी धाकटी एकदा हात झटकत "संपली!" म्हणाली होती. तिच्या तळहातावर पाच छड्या बसल्या, आणि छड्या मारताना आईच रडत होती.

थोरल्या बहिणीचं बाळ चार तास जगलं. त्याला सभेत घ्यायला वेळच मिळाला नाही. सभेतले ज्येष्ठ म्हणाले, "जो जीव सभेत आला नाही तो मोजला जात नाही." थोरली मान खाली घालून बसली होती. आईही. धाकटी मात्र उभी राहिली. बायका तिथे उभ्या राहत नाहीत. तिने विचारलं, "मग ते गेलं कुठे?"

वर्षभर तिने उत्तराची वाट पाहिली आणि मग ती सभेतून निघाली. निघालेलीला सभा 'वेगळी झालेली' म्हणते. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातचं काही वापरायचं नाही, तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक वाचनालय होतं. दारावर पाटी: 'येथे कोणालाही काहीही विचारता येते.' धाकटी जिना चढली ती त्या पाटीपायी. आत चार-पाच माणसं बसली होती. एक निवृत्त भूमापक, ज्यांना सगळे काका म्हणत, एक परिचारिका, एक घड्याळजी. थिऑसॉफीचं, म्हणजे ब्रह्मविद्येचं, मंडळ होतं ते. माणसाला सात देह असतात यावर त्यांचं एकमत होतं, पण चहा चर्चेच्या आधी प्यायचा की नंतर यावर दर रविवारी वाद व्हायचा. धाकटीने बसण्याआधीच बाळाचा तो प्रश्न विचारला.

"कुठे जाईल?" काका म्हणाले. "अगं, मी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या. नकाशात दाखवली नाही म्हणून जमीन नाहीशी होते का? आहे ते. पुढच्या मुक्कामाला आहे."

ती तिथेच, अनोळखी माणसांसमोर, ओक्साबोक्शी रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. घड्याळजींनी मुकाट्याने आपला चहा तिच्यापुढे सरकवला.

मनापासून केलेला विचार हवेत विरत नाही, त्याला आकार येतो, तो जातो आणि पोचतो, हे ती तिथेच शिकली. काका बजावून सांगत, "पाठवलंत ते परत बोलवायचं. दार उघडं टाकून झोपायचं नाही." त्यासाठी तीन वाक्यं होती: गेलीस तशी ये. दिलंस ते तिथे राहू दे. आता माझ्यात मीट. सगळे ती मोठ्याने म्हणत. धाकटी नुसते ओठ हलवी.

३

एके दिवशी ती गेली तर आईच्या तोंडात दात नव्हते.

आईची कवळी घर सोडण्याआधी धाकटीनेच केलेली होती, तीनदा बसवून, तीनदा घासून. तिच्या हातून त्यापेक्षा चांगलं काम झालं नव्हतं. मनातल्या त्या खोलीत आईने नेहमी ती घातलेली असायची. आणि आज आईचं तोंड बोळकं, ओठ आत गेलेले, हनुवटी वर आलेली. धाकटीने ते तसं मनात आणलेलं नव्हतं. तिने डोळे उघडले. समोर फळीवरचे जबडे होते, पलीकडे मास्तर कुणावर तरी ओरडत होते. सगळं जागच्या जागी होतं.

मन आहे, करतं चाळे, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आई म्हातारी झाली, कुणाच्याही मनात हे येईल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय पलंग खिडकीशी सरकलेला. तिसऱ्या दिवशी तिने ठरवून आईच्या तोंडात दात बसवायचा प्रयत्न केला. मेणात एकेक दात बसवणं हे तिचं रोजचंच काम. पण ते दात तिथे ठरेनात. ती बसवायची आणि तिच्या डोळ्यांदेखत ते नसायचे. पलंगही हलेना. खोली आता तिचं ऐकत नव्हती.

तिने काकांना सांगितलं तर काका खूश झाले. "मग पोचतंय की गं! इतक्या वर्षांत इथे कुणाचं पोचलं नाही." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "रोज परत बोलावतेस ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

ती खोटं बोलली. एकदाही बोलावलं नव्हतं. कपडे बदलले होते, बोलणं बदललं होतं, सात देहांवर ती आता परिचारिकाबाईंशी हुज्जतही घालायची. पण डोळे मिटून केलेली कुठलीही गोष्ट मिटवायची म्हटलं की अजून तिचा तळहात चुरचुरायचा. ती तीन वाक्यं ती तशीच सोडून द्यायची. ती प्रार्थनेतून उठावं तशी उठायची, आणि कामाला लागायची. हे काकांना सांगायची तिला लाज वाटली.

४

आठवड्याने तिने दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी बाई. वेणी वर घेऊन दोन काट्यांनी अडकवलेली. धाकटीला आधी वाटलं, ताई आहे. आईचे ओठ हलत होते. आता तोंडात दात होते. आई बोलत होती, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलावं तशी, एका विषयातून दुसऱ्यात जात; पण आवाज ऐकू येत नव्हता. आई मध्येच थांबली. त्या बाईने मान हलवली. आई हसली.

धाकटीला पुढे जायचं होतं, पण पाऊल उचलेना. आईचं लक्ष दाराकडे गेलंच नाही. मग त्या बाईने हात वर करून काटा नीट केला, आणि धाकटीला तिच्या कोपरावर प्लॅस्टरचा वाळलेला पांढरा फराटा दिसला.

तिने डोळे उघडले. स्वतःचं कोपर चाचपलं. बोटांना भुकटी लागली. हात ती रोज धुवायची. कोपर नेहमी राहून जायचं.

त्यात काय आहे, ती स्वतःशी म्हणाली. आपणच आपल्याला खुर्चीत बसलेलं बघतो. रोज बसतो तिथे. पण मग दारात उभं राहून बघणारी कोण, हे तिला सांगता येईना.

५

घर सुटल्यावर तीन वर्षांनी थोरली तिच्या समोर आली ती कारखान्याच्या मागच्या खोलीत. भरदुपारी, डोक्यावरून पदर, चेहरा पार ओढलेला. धाकटी मेणाची पट्टी कापत होती. तिच्या हातातून सुरी पडली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती फळीपाशी गेली आणि नंबर घातलेल्या एका जबड्यासमोर उभी राहिली.

"मी तुमच्याशी बोलतेय," ती त्या जबड्याला म्हणाली. "दुसऱ्या कुणाशी नाही. कुणी मध्ये बोललं तर मला जावं लागेल."

एरवी धाकटीला हसू फुटलं असतं. तिने सुरी उचलली आणि मान खाली घातली.

"ती वेगळी झाली त्याच दिवशी आईने दात काढले," थोरली म्हणाली. "टाकून द्यायचा हुकूम होता. तिने पेल्यात पाणी घालून पलंगाखाली ठेवले. मला ठाऊक होतं. मी कुणाला बोलले नाही. पलंग मीच खिडकीशी सरकवला. तिला उजेड हवा होता."

धाकटीची सुरी मेणात तशीच राहिली.

"खुर्ची मी रोज सकाळी भिंतीकडे वळवून ठेवते. अकराच्या सुमारास आई मला म्हणते, तू जा आता. जेवण घेऊन येते तर खुर्ची पलंगाकडे वळलेली. आईला कुशीवरसुद्धा वळता येत नाही. मग कोण वळवतं?" तिचा आवाज चिरकला. "दाराला कान लावला मी. आई बोलते. मग थांबते. कुणी उत्तर द्यावं इतका वेळ थांबते. आता दात घालून बसते. म्हणते, बोळक्या तोंडाने बोललं तर तिला नीट कळत नाही."

बाहेर मास्तरांनी कुणाला तरी हाक मारली. थोरली दचकली आणि पुन्हा जबड्याकडे वळली.

"मी म्हटलं, आई, वेगळी झालेलीशी बोलायचं नाही. ज्येष्ठांना कळलं तर तुलाही काढतील. तर मला म्हणते, दारातून आली तर नाही बोलणार. ही दारातून येत नाही."

थोरलीने फळीची कड दोन्ही हातांनी धरली.

"परवा आईने तिला माझ्या बाळाचं विचारलं. मी ऐकलं ते. आणि मग आई हसली, इतकी हसली. तिने काय सांगितलं ते आई मला सांगत नाही. म्हणते, तूच विचार की." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "माझी हिंमत होत नाही हो. तुम्ही तिला सांगा, येऊ नकोस म्हणावं." ती दाराशी गेली आणि थांबली. "नाही. सांगू नका."

६

त्या दिवसापासून धाकटीने डोळे मिटणं बंद केलं. अकरा वाजले की ती चहावाल्यांच्या घोळक्यात जाऊन बसे आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसे. मास्तर म्हणाले, "आली एकदाची माणसांत!"

पंधरा दिवसांनी थोरली पुन्हा त्याच जबड्यासमोर उभी होती.

"येतेच आहे," ती म्हणाली. "आता सकाळी येते, दुपारीही येते. आई जेवत नाही. पाणी तेवढं घेते, तेही माझ्या हातून नाही. डॉक्टर म्हणाले दोन-चार दिवस. उद्या अकराला ज्येष्ठ सभेत असतील. मागचं दार मी लावणार नाही. लावायचं विसरेन."

धाकटी तडक वाचनालयात गेली. काका एकटेच होते, जुना नकाशा पसरून बसलेले. तिने सगळं सांगितलं. मिटवलं नाही हेही सांगितलं.

"किती दिवस?"

"एकदाही नाही, काका."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी नकाशाची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. "समोर उभी राहून ती तीन वाक्यं म्हण," ते म्हणाले. "येईल ती. तुझीच आहे. मग आईला तू एकटीच राहशील, बोलायला." आणि ती जिन्यापाशी गेल्यावर हळूच म्हणाले, "आणि पोरी, तिच्याकडे फार वेळ बघत बसू नकोस."

७

बोळात फिनेलचा वास होता. थोरली दाराशी पाठ टेकून उभी होती. तिने धाकटीकडे पाहिलं नाही, पण बाजूला झाली.

खोलीत ऊन भरलं होतं. आई उशांना टेकून बसली होती, अंगावर नुसती कातडी राहिलेली, पण चेहरा मात्र धाकटीने इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. खुर्ची पलंगाकडे वळलेली. रिकामी. आईचा डावा हात खुर्चीच्या बाजूला, अधांतरी धरलेला; इतका वेळ कुणी आजारी माणूस हात तसा धरू शकणार नाही. मग धाकटीला दिसलं. आईच्या मनगटामागे, त्या सैल कातडीवर, चार ठिकाणी खळगे पडले होते. कुणीतरी हात घट्ट धरल्यावर बोटांखाली पडतात तसे. आणि ते मधूनमधून हलत होते, अंगठ्याने हात कुरवाळावा तसे.

"तू सभेत उभी राहिलीस ना," आई खुर्चीला सांगत होती, "तेव्हा मला वाटलं, माझ्याच पोटातून प्रश्न उठला. मी खाली बघत बसले. भ्याले गं मी. तुझं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी तुझा हात धरून मीपण उठायला हवं होतं. तुझ्यामागून रोज मनात उठत होते मी."

तीन वर्षं धाकटी ज्यासाठी झुरली होती, ते सगळं हेच होतं. शब्दही हेच असते. आणि ते ऐकायला ती दारात उभी होती, परक्याच्या घरी चुकून आलेल्या माणसासारखी.

"गेलीस तशी ये," ती पुटपुटली.

खुर्ची करकरली. आईचा चेहरा एकदम विझला. "कुठे निघालीस?" आई घाबरून म्हणाली, आणि तिची बोटं हवेत काहीतरी गच्च धरायला धडपडली. "ए, बस ना. आत्ता तर आलीस. बस ना गं."

दुसरं वाक्य धाकटीच्या तोंडात आलं होतं. तिने दात आवळले, तोंडावर हात दाबला आणि ते गिळलं. तळहात चुरचुरला नाही. खळगे पुन्हा खोल झाले, आईचा श्वास हळूहळू खाली बसला.

"आई," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

आईने दाराकडे पाहिलं. नजर स्पष्ट होती, भ्रमिष्ट अजिबात नव्हती. दाराशी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं तिने नीट पाहिलं, आणि थोरलीला विचारलं, "या कोण बाई? रडतायत का?"

थोरलीने तोंड उघडलं. धाकटीने हलकेच मान हलवली: नको.

"कुणी नाही, आई," थोरली म्हणाली. "दात करणाऱ्या आहेत."

"अगं बाई. बसा ना हो," आई म्हणाली. "माझे बघा किती छान झालेत. मुलीने केलेत माझ्या. ही काय, इथेच आहे." मग ती खुर्चीकडे वळली, आणि लहानपणी दारात कुणी आलं की ज्या सुरात सांगायची त्याच सुरात म्हणाली, "ऊठ गं, त्यांना पाणी दे. उन्हातून आल्यात."

आईच्या हातावरचे चारही खळगे भरून आले. वेताची खुर्ची हलकी झाल्याचा आवाज झाला. थोरलीने डोळे गच्च मिटून घेतले. तांब्यातून पेल्यात पाणी पडू लागलं. धाकटीने तिकडे पाहिलं नाही. ती आईकडे बघत राहिली. आई कौतुकाने कुणाच्या तरी पाठीकडे बघत होती.

आपल्याच चपलांचा आवाज आपल्याकडे येताना कसा ऐकू येतो, हे धाकटीला आजवर ठाऊक नव्हतं. तो जवळ आला आणि थांबला.

तिने हात पुढे केला.